नव्वद दिवसांचं गणित : थाई जोडीदार, थाई मूल आणि आपला भारतीय पासपोर्ट

थायलंडमध्ये ‘मॅरेज व्हिसा’ नावाचा व्हिसा नाही. बोलताना सगळे तसं म्हणतात, एजंटांच्या पाट्यांवरही तेच असतं. पण पासपोर्टवर बसतो तो शिक्का ‘नॉन-इमिग्रंट ओ’ या वर्गाचा असतो, आणि त्याच्या जोरावर वर्षभर राहायला मिळतं ती मुदतवाढ असते. हा शब्दांचा कीस नाही. व्हिसा 90 दिवसांचा, मुदतवाढ वर्षाची. दोन्हींचे फॉर्म वेगळे, फी वेगळी, आणि मुख्य म्हणजे बँकेतल्या पैशाची अट दोन्हीकडे वेगळी मोजली जाते. बहुतेकांचं घोडं अडतं ते या सांध्यावर.

मूळ नियम रॉयल थाई पोलिसांच्या 327/2557 या आदेशात आहे. बौद्ध वर्षातून 543 वजा केले की 2014 येतं. त्यातल्या 2.18 या कलमात थाई नागरिकाच्या कुटुंबीयांना एका वेळी एक वर्षापर्यंत राहू द्यायची तरतूद आहे. कुटुंबीय म्हणजे आईवडील, नवरा किंवा बायको, मुलं, दत्तक मुलं आणि जोडीदाराची मुलं. म्हणजे थाई व्यक्तीशी लग्न हा एक आधार, आणि थाई मुलाचा बाप किंवा आई असणं हा दुसरा, स्वतंत्र आधार. लग्न टिकून आहे तोवर दुसऱ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. ते आधीपासूनच तिकडे द्यावं, असं मी सुचवेन. का ते पुढे येईल.

पैशाची अट सर्वांना सारखी नाही. थाई बाईशी लग्न केलेल्या परदेशी नवऱ्याला दरमहा सरासरी 40,000 बात (थाई चलन) उत्पन्न दाखवावं लागतं, किंवा थायलंडमधल्या बँकेत 4,00,000 बात मागचे दोन महिने पडून असल्याचं. थाई पुरुषाशी लग्न केलेल्या परदेशी बायकोला कलमात अशी अट नाही. कार्यालय फार तर नवऱ्याच्या नोकरीधंद्याचे कागद मागतं. पण ‘थाई मुलाचे आईवडील’ म्हणून अर्ज केला तर तेच 40,000 किंवा 4,00,000 बापालाही लागू आणि आईलाही. त्यामुळे पुण्याची एखादी मुलगी थाई नवऱ्याबरोबर दहा वर्षं एकही बात न दाखवता राहिलेली असते, आणि घटस्फोटानंतर मुलासाठी राहायचं म्हटलं की एकदम चार लाख बात लागतात. हे ज्यांना आधी माहीत असतं त्या वेळेवर स्वतःच्या नावाचं खातं उघडून ठेवतात.

स्वतःच्या नावाचं, हे अधोरेखित. नवराबायकोचं संयुक्त खातं या कामाला चालत नाही. बायकोच्या खात्यात वीस लाख असले तरी ते इमिग्रेशनच्या लेखी शून्य.

आता गणित. नॉन-ओ मिळवायचे रस्ते दोन. एक, भारतातून निघण्यापूर्वी ई-व्हिसा. जानेवारी 2025 पासून थाई वकिलातींचे अर्ज ऑनलाइन झाले. महाराष्ट्र-गोव्यातला माणूस मुंबईच्या थाई वाणिज्य दूतावासाच्या हद्दीत येतो. दुसरा रस्ता म्हणजे पर्यटक म्हणून किंवा विनाव्हिसा प्रवेशावर यायचं आणि इथे इमिग्रेशनमध्ये वर्ग बदलून घ्यायचा. टुरिस्ट व्हिसावर आलेल्याने टीएम-86 भरायचा, विनाव्हिसा आलेल्याने टीएम-87, फी दोन्हींची 2,000 बात. अर्जाच्या दिवशी राहायची मुदत निदान 15 दिवस शिल्लक लागते. जुलै 2024 मध्ये भारतीय पासपोर्टला 60 दिवसांचा विनाव्हिसा प्रवेश मिळू लागला, पण अशा सवलती सरकार वरखाली करत असतं. म्हणून दिवस मोजायचे ते विमानतळावर बसलेल्या शिक्क्यातल्या शेवटच्या तारखेपासून उलटे. शिक्का 30 जुलैपर्यंतचा असेल तर 15 जुलै ही कडेलोटाची तारीख, आणि जूनचा शेवट ही शहाण्याची.

वर्ग बदलताना चार लाख बात खात्यात असावे लागतात, पण ते दोन महिने मुरलेले असण्याची अट तिथे नाही. ती लागते पुढच्या पायरीला, म्हणजे वर्षाच्या मुदतवाढीला. आणि मुदतवाढीचा अर्ज घेतात मुदत संपायच्या आधीच्या शेवटच्या 30 दिवसांत (काही कार्यालयं 45 दिवस आधीही घेतात). आता 90 दिवसांची पट्टी आखून बघा. अर्जाची खिडकी साठाव्या दिवशी उघडते, नव्वदाव्याला बंद होते. पैसे पहिल्याच दिवशी खात्यात असतील तर खिडकी उघडताच अर्ज करता येतो. विसाव्या दिवशी आले तर ऐंशीनंतर. तिसाव्या दिवशी आले तर नव्वदाव्याच दिवशी, आणि तो रविवार निघाला तर संपलंच. दोन महिने म्हणजे 60 दिवस की कॅलेंडरचे दोन महिने, यावरही काउंटरगणिक मतं असतात. म्हणून पंचविसाव्या दिवसानंतर आलेले पैसे त्या खेपेला आलेच नाहीत असं समजावं.

एवढं करूनही चुकलं, तर देश सोडून परत यायची गरज बहुधा नसते. थाई जोडीदाराला किंवा थाई मुलाला भेटायचं म्हणून 60 दिवसांची वेगळी मुदतवाढ मिळते. वर्षाच्या मुदतवाढीचाच टीएम-7 फॉर्म, तीच 1,900 बात फी, बँकेचे कागद लागत नाहीत. नात्याचे कागद, जोडीदाराचं ओळखपत्र, घरपट्टा (घरात कोण राहतं याची सरकारी नोंदवही), आणि जोडीदार स्वतः शेजारच्या खुर्चीत. एका प्रवेशावर एकदाच मिळते. त्या 60 दिवसांत पैसे मुरतात आणि मग वर्षाचा अर्ज करता येतो. ही सोय पाटीवर लिहिलेली नसते, आणि काउंटरवर आपण होऊन सांगेल असा अधिकारी क्वचित भेटतो. पर्यटक म्हणून बायकामुलांना भेटायला आलेल्यालाही ती मिळते. वर्षातून दोनतीन महिनेच येणाऱ्याने तर वर्षाच्या मुदतवाढीच्या नादी लागूच नये; एवढ्यात त्याचं भागतं.

पैसे आणायचे कसे हा भारतीयांचा खास प्रश्न. जो अजून भारतात रहिवासी आहे तो उदारीकृत प्रेषण योजनेखाली पाठवू शकतो. मर्यादा वर्षाला अडीच लाख डॉलर, म्हणजे आपल्या कामाला भरपूर. मात्र एप्रिल 2025 पासून आर्थिक वर्षात पाठवलेली रक्कम 10 लाख रुपयांवर गेली की बँक वरच्या भागावर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापते, आणि चार लाख बात नेमके त्याच रेषेच्या आसपास घुटमळतात. कापलेलं विवरणपत्रात परत मिळतं, पण तोवर थाई खात्यात 3,90,000 च जमा होऊन बसतात. मार्चच्या शेवटी अर्धे आणि एप्रिलच्या सुरुवातीला अर्धे पाठवले की प्रश्न मिटतो. जो थायलंडमध्ये राहून अनिवासी झाला आहे त्याला ही योजना लागू नाही. त्याने एनआरई (परदेशी कमाईच्या) खात्यातून पाठवावं, एनआरओ (भारतातल्या कमाईच्या) खात्यातून पाठवायचं तर आयकराची कागदपत्रं आधी करावीत. कुठूनही पाठवा, परकीय चलनातून आलेल्या रकमेची पावती थाई बँकेकडून मागून ठेवा. आज कुणी विचारत नाही, पण पुढे विचारलं तर ती मागाहून मिळवणं जिकिरीचं.

खातं उघडणं हीच पहिली भिंत असते. पर्यटकाच्या शिक्क्यावर बऱ्याच शाखा नकार देतात: व्हिसा आणा मग खातं. आणि व्हिसासाठी खातं लागतं. यातून सुटका होते ती जोडीदाराच्या स्वतःच्या शाखेत, जोडीदाराला सोबत घेऊन, लग्नाचा दाखला आणि घरपट्टा पुढे ठेवून. एका शाखेने नाही म्हटलं तर त्याच बँकेची दुसरी शाखा हो म्हणते. हा नियमांचा नाही, मॅनेजरचा प्रश्न असतो. काही ठिकाणी इमिग्रेशनचा रहिवास दाखला मागतात. तो मिळायला टीएम-30 झालेला हवा. टीएम-30 म्हणजे परदेशी माणूस मुक्कामाला आल्याची घरमालकाने 24 तासांत द्यायची वर्दी. घर सासूच्या नावावर असेल तर सासूने द्यायची. घरजावयालाही यातून सूट नाही.

40,000 उत्पन्नाचा रस्ता कागदावर सोपा दिसतो, प्रत्यक्षात तो थायलंडमध्ये नोकरी असलेल्यालाच सोपा: कंपनीचं पत्र, वर्क परमिट, दरमहाच्या कर भरण्याच्या पावत्या, वार्षिक विवरण. उत्पन्न परदेशातून येत असेल तर बारा महिने सलग, दर महिन्याला 40,000 च्या वर, थेट परदेशातून खात्यात आलेलं दाखवावं लागतं. एका महिन्यात विनिमय दर घसरून 39,600 आले की साखळी तुटते. आणि 1 जानेवारी 2024 पासून वर्षात 180 दिवस इथे राहणाऱ्याने बाहेरून आणलेलं उत्पन्न इथल्या कराच्या कक्षेत येऊ शकतं. भारत-थायलंड करार दुहेरी कर टाळतो, पण कागद ठेवावे लागतात. मी तरी ठेवीच्या बाजूचा आहे. पैसे अडकतात खरे, पण वर्षातून दोनतीन महिनेच. विवाहाच्या आधारावरच्या मुदतवाढीत, अंतिम शिक्का बसल्यावर ती रक्कम वापरायला आडकाठी नाही. पुढच्या अर्जाच्या दोन महिने आधी ती परत खात्यात हवी.

लग्नाच्या कागदांकडे वळू. थायलंडमध्ये नोंदणी करायची तर अम्फोत, म्हणजे तालुक्याच्या कचेरीत, बँकॉकमध्ये खेतात. (आपल्या ‘क्षेत्रा’चंच हे रूप.) त्यासाठी भारतीय दूतावासाकडून अविवाहित असल्याचा दाखला, घटस्फोटित असल्यास न्यायालयाचा अंतिम हुकूमनामा. मग दाखल्याचं थाई भाषांतर आणि त्यावर परराष्ट्र मंत्रालयाच्या कॉन्सुलर खात्याचं प्रमाणन. हे खातं बँकॉकच्या चेंगवत्तना रस्त्यावर आहे, आणि इमिग्रेशनचं बँकॉकमधलं कार्यालयही त्याच रस्त्यावरच्या सरकारी संकुलात. प्रमाणनाची फी कागदाला 200 बात, तातडीचं 400. वेळ आधी ऑनलाइन घ्यावी लागते. नोंदणी झाली की दोन कागद जन्माला येतात. ‘खो-रो 3’ हा नक्षीदार दाखला, जो लोक फ्रेम करून लावतात. आणि ‘खो-रो 2’ हा नोंदवहीतला उतारा. इमिग्रेशनचा जीव असतो तो दुसऱ्यात, कारण लग्न आजही शाबूत आहे हे त्यावरूनच कळतं. म्हणून तो दरवर्षी ताजा काढायचा, अर्जाच्या आधीच्या महिनाभरातला. गेल्या वर्षीच्या प्रतीची झेरॉक्स घेऊन गेलेले परत फिरतात.

लग्न महाराष्ट्रात, विशेष विवाह कायद्याखाली नोंदवलं असेल तर रस्ता लांबचा. दाखल्यावर राज्य सरकारचं साक्षांकन, मग केंद्रीय परराष्ट्र मंत्रालयाचं, मग थाई दूतावास किंवा वाणिज्य दूतावासाचं. इथे आल्यावर थाई भाषांतर, चेंगवत्तनाचं प्रमाणन, आणि शेवटी अम्फोत जाऊन परदेशी लग्नाची कौटुंबिक नोंद: ‘खो-रो 22’. या शेवटच्या कागदाशिवाय थाई सरकारच्या दृष्टीने तुमची बायको अजून कुमारीच असते. लग्न भारतात वाजतगाजत करा, पण नोंदणी थायलंडमध्ये करा, असा सल्ला मी नव्या जोडप्यांना देतो, तो यामुळे.

भाषांतरात एक खड्डा खास आपल्या नावांचा. महाराष्ट्रातल्या पासपोर्टात पहिल्या रकान्यात बहुधा स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं, दुसऱ्यात आडनाव. एक भाषांतरकार तिन्ही लिहितो, दुसरा मधलं गाळतो. त्यात थाई उच्चारात ‘ग’ नाही, ‘झ’ नाही, ‘व’ आणि ‘भ’ यांची चारचार रूपं करता येतात. ‘गजानन’ एका कागदावर ‘क’ने सुरू होतो, दुसऱ्यावर ‘ख’ने. तुम्हा-आम्हाला तो एकच माणूस वाटतो. काउंटरवरच्या बाईंना दोन वाटतात, आणि त्यांची काही चूक नसते. पहिला थाई कागद ज्या अक्षरांत झाला (बहुतेकांचा तो लग्नाचा दाखला असतो) तीच अक्षरं कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून कायम पाकिटात ठेवायची. मुलाचा जन्मदाखला, घरपट्टा, बँक, ड्रायव्हिंग लायसन्स, सगळीकडे तोच चिटोरा पुढे करायचा. प्रसूतिगृहात घाईत भरलेल्या फॉर्मवर बापाचं नाव वेगळ्या अक्षरांत पडलं तर ते दुरुस्त करायला अम्फोच्या फेऱ्या आणि साक्षीदार लागतात.

बाकी कागदांची भाषा मराठी माणसाला परकी नाही. लग्नाला इथे कागदोपत्री ‘सोमरोत’ म्हणतात, लिहितात मात्र ‘समरस’. जन्मदाखला ‘सूतिबत’, म्हणजे सूतिपत्र. फॉर्मवर ‘सामी’ आणि ‘फनराया’ दिसले की स्वामी आणि भार्या ओळखायचे, ‘बिदा’ म्हणजे पिता, ‘बुत’ म्हणजे पुत्र. लिपी शिकायला महिना पुरतो, आणि स्वतःचा अर्ज स्वतः वाचता आला की एजंटावर फार अवलंबून राहावं लागत नाही.

आता मुदतवाढीच्या अर्जाची फाइल. टीएम-7 फॉर्म, 4 बाय 6 सेंटिमीटरचा फोटो, 1,900 बात. पासपोर्टच्या वापरलेल्या सगळ्या पानांच्या प्रती. खो-रो 3 आणि ताजा खो-रो 2. जोडीदाराचं ओळखपत्र आणि निळा घरपट्टा, म्हणजे तबियन बान. मुलांचे जन्मदाखले आणि घरपट्ट्यातली त्यांची पानं. बँकेचं पत्र आणि पासबुकाच्या प्रती. घराचा नकाशा. फोटो. हे सगळं दोन प्रतींत, प्रत्येक पानावर सही. जोडीदाराच्या कागदांवर जोडीदाराची. मूळ प्रती सोबत. अर्ज ज्या प्रांतात राहता तिथल्याच कार्यालयात. टीएम-30 चा पत्ता, घरपट्ट्याचा पत्ता आणि नकाशा यांचा मेळ बसला पाहिजे. भाड्याने राहत असाल तर करारनामा आणि मालकाच्या ओळखपत्राची प्रत वाढते.

बँकेचं पत्र अर्जाच्या दिवशीचं किंवा आदल्या दिवशीचं असावं. पासबुकात त्याच सकाळी 100 बात भरायचे आणि छापून घ्यायचं. नाहीतर शेवटची नोंद पंधरा दिवसांपूर्वीची दिसते आणि पत्राशी जुळत नाही. दोन महिन्यांत शिल्लक एक दिवसही 4,00,000 च्या खाली गेलेली नको. एटीएमचं वार्षिक शुल्क आपोआप कापलं जाऊन 3,99,700 झाल्याने फुकट गेलेले अर्ज आहेत. म्हणून या खात्याला कार्ड घेऊच नये, आणि वर पाच-दहा हजारांची उशी ठेवावी.

फोटोंना लोक हसतात, पण कलमातच लिहिलंय की पतिपत्नीचं नातं कायद्याने आणि प्रत्यक्षातही असलं पाहिजे. ‘प्रत्यक्षात’चा पुरावा म्हणजे हे फोटो. घराबाहेर, घरक्रमांक स्पष्ट दिसेल असा एक. दिवाणखान्यात, स्वयंपाकघरात, झोपण्याच्या खोलीत एकेक. मुलं त्यात असली तर उत्तमच. ताजे, साध्या कपड्यांतले. लग्नातले शालू-फेट्याचे फोटो इथे कामाचे नाहीत. काही कार्यालयं एखादा थाई साक्षीदार आणायला सांगतात, शेजारी चालतो. गावाकडे पोलीस घरी येऊन बघून जातात, कधी कळवून, कधी न कळवता, आणि बाजूच्या दुकानात विचारतात. नवरा आठवड्याला दुसऱ्या शहरात कामाला असेल तर ते आधीच सांगून टाकावं. लपवलेलं निघालं की साधी गोष्ट संशयाची होते.

अर्ज स्वीकारला की लगेच वर्ष मिळत नाही. ‘विचाराधीन’ असा सुमारे 30 दिवसांचा शिक्का बसतो, त्यावर परत यायची तारीख असते. फाइल वरच्या कार्यालयात जाते. त्या काळात परदेशप्रवास आखू नये, आणि पैसे खात्यातून हलवू नयेत. काही ठिकाणी अंतिम शिक्क्याच्या दिवशी पासबुक पुन्हा बघतात. वर्ष मोजलं जातं ते जुनी मुदत संपल्याच्या दिवसापासून. म्हणजे महिनाभर आधी अर्ज केल्याने एकही दिवस बुडत नाही, आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबून फायदाही काही नाही.

शिक्का मिळाल्यावर लोक निर्धास्त होतात, आणि मग आजी आजारी म्हणून घाईत मुंबईचं विमान पकडतात. री-एंट्री परमिट न घेता देशाबाहेर पाऊल पडलं की वर्षाची मुदतवाढ तिथेच संपते. चार लाख, साठ दिवस, फोटो, सगळं पुन्हा पहिल्यापासून. फॉर्म टीएम-8, एकदाच्या परतीला 1,000 बात, कितीही वेळच्या 3,800. मोठ्या विमानतळांवर पासपोर्ट तपासणीच्या आधी काउंटर असतो, पण घाईच्या वेळी त्यावर विसंबू नये. शिक्का मिळाला त्याच दिवशी, त्याच इमारतीत ते काम उरकून टाकावं. परत येताना टीडीएसी हे डिजिटल आगमनपत्र भरायचं, मे 2025 पासून सक्तीचं आणि फुकट. पैसे मागणारी संकेतस्थळं बनावट.

दर 90 दिवसांनी पत्त्याची वर्दी द्यायची, टीएम-47. तारखेच्या 15 दिवस आधीपासून 7 दिवस नंतरपर्यंत चालते, चुकली तर 2,000 बात दंड. या वर्दीने मुदत वाढत नाही आणि ती चुकल्याने मुदत संपत नाही. दोन्ही गैरसमज सर्रास आहेत. देशाबाहेर जाऊन आलं की मोजणी नव्याने सुरू होते. मुदत उलटून राहिलं तर मात्र दिवसाला 500 बात, कमाल 20,000, आणि 90 दिवसांच्या पुढे गेल्यास प्रवेशबंदी. मुदतवाढ पासपोर्टच्या वैधतेपलीकडे मिळत नाही, तेव्हा भारतीय पासपोर्ट निदान दीड वर्ष शिल्लक असतानाच नवा करावा आणि जुन्यातले शिक्के नव्यात उतरवून घ्यावेत.

मुलाचा आधार म्हणाल तर त्यात एक मोठी ठेच आहे, आणि ती फक्त बापांना लागते. थाई नागरी संहितेच्या कलम 1546 नुसार अविवाहित आईचं मूल हे कायद्याने फक्त आईचं. जन्मदाखल्यावर बापाचं नाव आहे, मुलाला आडनाव बापाचं आहे, घर बाप चालवतो, तरी तो कायदेशीर बाप नाही. कलम 1547 तीन वाटा देतं: आईबापांनी नंतर लग्न करणं, बापाने नोंद करून घेणं, किंवा न्यायालयाचा निकाल. नोंद अम्फोत होते, तिला ‘खो-रो 11’ म्हणतात, पण त्याला आई आणि मूल दोघांची संमती लागते. मूल स्वतः बोलून संमती देण्याच्या वयाचं नसेल तर अधिकारी नोंद करत नाहीत. सातेक वर्षांच्या खालच्या मुलासाठी बाल व कुटुंब न्यायालयात जावं लागतं, आणि त्यात काही महिने जातात. आई राजी असेल तर प्रकरण सरळ असतं, वकील लागतो एवढंच. म्हणून लग्न न करता एकत्र राहणाऱ्यांनी हे काम संबंध गोडीचे असताना करून घ्यावं.

घटस्फोट झाला की विवाहाच्या आधारावरची मुदतवाढ टिकत नाही. वर्षाचे आठ महिने शिल्लक आहेत म्हणून गप्प बसणं धोक्याचं. मुलाच्या आधारावर जायचं असेल तर तयारी घटस्फोटाच्या आधी हवी. संमतीचा घटस्फोट अम्फोत नोंदवताना ताब्याचा करार त्याच नोंदीत, ‘खो-रो 6’ मध्ये लिहिला जातो. तिथे ‘ताबा दोघांचा’ असे दोन शब्द लिहून घेतले की मुलाच्या आधाराचा अर्ज उभा राहतो. ‘ताबा आईचा’ लिहिलं गेलं तर बापाच्या अर्जाचा पायाच ढासळतो. मूल सोबत राहतं हेही दाखवावं लागतं, शाळेचा दाखला आणि तोच फोटोंचा संच. मूल 20 वर्षांचं, म्हणजे इथल्या कायद्याने सज्ञान होईपर्यंतच यावर भिस्त ठेवावी.

कामाबद्दल थोडक्यात: नॉन-ओवर राहता येतं, काम करता येत नाही. त्यासाठी वेगळं वर्क परमिट. थाई जोडीदार असलेल्या परदेशी माणसासाठी कंपनीच्या भांडवलाची अट निम्मी, 20 लाखांऐवजी 10 लाख बात. बायकोच्या खानावळीत गल्ल्यावर बसणं हेही कामच धरलं जातं, पगार घेत नसलात तरी.

पन्नाशी ओलांडलेल्याने निवृत्तीच्या आधाराचाही विचार करावा: 8,00,000 बात किंवा दरमहा 65,000. पैसे दुप्पट आणि शिक्क्यानंतरही ते बराच काळ हलवता येत नाहीत. पण घरभेट नाही, फोटो नाहीत, विचाराधीन महिना नाही, आणि जोडीदाराशी भांडण झालं तर व्हिसा अधांतरी राहत नाही. दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी 2024 मध्ये आलेला डीटीव्ही पाच वर्षांचा असला तरी दर प्रवेशाला 180 दिवसांचा आणि 5,00,000 बातची शिल्लक मागणारा. कुटुंब इथेच असेल तर त्यात राम नाही. सलग तीन वर्षं मुदतवाढीवर काढल्यावर कायम रहिवासाचा अर्ज करता येतो. एका देशाला वर्षाला 100 जागा. मंजुरीची फी 1,91,400 बात, थाई नागरिकाच्या जोडीदाराला निम्मी, 95,700. अर्ज साधारण वर्षाच्या अखेरीस काही आठवडेच घेतात. थाई नागरिकत्वही मिळू शकतं, पण ते घेतल्या क्षणी भारतीय नागरिकत्व कायद्याच्या कलम 9 ने आपलं जातं.

मुलांचं उलटं. आई किंवा बाप थाई असला की मूल जन्माने थाई. भारताला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही, त्यामुळे थाई पासपोर्ट काढलेल्या मुलाला भारतीय पासपोर्ट काढायला जाऊ नये. त्याच्यासाठी ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड. आईबापांपैकी एक भारतीय नागरिक असला की मूल पात्र ठरतं. थाई जोडीदारालाही ओसीआय मिळतं, नोंदणीकृत लग्नाला सलग दोन वर्षं झाल्यावर. अर्जाला मुलाच्या सूतिबताचं इंग्रजी भाषांतर लागतं, आणि त्यावर बापाचं नाव पासपोर्टातल्या स्पेलिंगबरहुकूम हवं. थायलंडमध्ये शिरताना मूल थाई पासपोर्टवरच आत यावं, थाई नागरिकांच्या रांगेतून, म्हणजे त्याच्यावर मुदतीचा शिक्का बसत नाही आणि टीडीएसीही लागत नाही.